अस्सलबरहुकूम

जेल रोडवर, सात पायऱ्या उतरून, तळघरात
माझं दुकान होतं. आहे अजून.
हल्ली फोनच्या फुटक्या काचा बदलतो.
तेव्हा सीड्या जाळायचो.
जाळणंच म्हणायचो आम्ही, आणि जानेवारीत
चारही रायटर चालू असले की ऊबही तशीच यायची.

तीस रुपयांत सहा गेम.
सहा मावायचे नाहीत. मग कात्री.
आधी उडायची सुरुवातीची फिल्म,
मग संगीत,
मग ती कुणीच न वाचलेली टेक्स्ट फाईल,
मग शेवटी वर सरकत जाणारी नावं.
शराफत म्हणायचा, "भिया, नाम कौन खेलता है?"
आणि मार्करनं सीडीवर लिहायचा, वळणदार:
'नमकवाला + ५'.
मिठाचं गलबत बंदरोबंदर न्यायचा तो गेम.
त्याचं खरं नाव आम्हाला सांगता आलं नसतं;
ज्या फाईलीत होतं, ती आम्हीच उडवलेली.

आजोबा होळकरांच्या दफ्तरात नकलनवीस होते.
प्रत्येक कागदाच्या तळाशी: अस्सलबरहुकूम नक्कल.
मुळात शाई सांडलेली असली
तर समासात बारीक नोंद, येथे डाग आहे.
हे मला लहानपणापासून ठाऊक होतं
आणि दिवसाला ऐंशी सीड्या जायच्या.

परवा मुळ्ये नावाचा एक जण आला, पस्तिशीचा,
हातात आमचीच सीडी. शराफतचं अक्षर.
"मुलीला दाखवायचंय, चालवून द्या."
उजेडात धरली. चांदी सोलून गेलेली,
आरपार ट्यूबलाईट दिसत होती.
मग शोधलं.
बनवणारी कंपनी बुडाली होती, तिला गिळणारीही बुडाली,
आणि फिरत फिरत हक्क ज्याच्या हाती आले
त्यानं गेम मोकळा सोडलेला. फुकट.
सोबत एक पान:

वाटा. हवं त्याला, हवं तितकं.
विकू नका.
आतलं काही काढू नका. आपलं काही घालू नका.
हे पान बरोबर असू द्या.
ज्या वस्तूवर उतरवून द्याल, तिची किंमत घ्यायला हरकत नाही.

म्हणजे मालक नाही असं नाही.
मालक आहे; त्यानं फक्त दाराला आतून कडी घातलेली नाही.
तिसऱ्या ओळीशी मी बराच वेळ थांबलो.
आधी ज्यांनी काढलं त्यांचं काय,
यावर पान गप्प.

पेनड्राईव्ह मुळ्येचाच होता.
त्यानं तीस रुपये काढले, गंमत म्हणून असेल.
म्हटलं, माझं काही खर्ची पडलं नाही,
घेतले तर ते विकणं होईल.
"तेव्हा घेतले होतेत."
"तेव्हा घेतले होते."
नोटा त्यानं खिशात ठेवल्या, पण लगेच नाही.

रात्री शटर अर्धं ओढून
पहिल्यांदाच तो गेम पुरता लावला.
फिल्म सुरू झाली: एक बाई आगरात मीठ ओढतेय,
लांब शीड, वारा,
आणि काहीतरी तंतुवाद्य, आपल्याकडचं नव्हे.
मग नावं. अकराच माणसं.
सगळ्यात खाली, खेळून तपासणारे म्हणून,
कुणाच्या तरी शेजारची तीन मुलं, वयांसकट.
त्यातला एक नऊ वर्षांचा.
आता तोही मुळ्येएवढा असेल.

वाटलं, त्या फाईलींत आपलीही एक ठेवावी,
चार ओळींची, आजोबांच्या रीतीनं.
पण आपलं काही घालू नका, असं आहे.
माफीसुद्धा घालता येत नाही.
म्हणून ती इथे, बाहेर, समासात:
येथे डाग आहे. तो मुळात नव्हता.

शराफत आता देवासला असतो, सुनेची झेरॉक्स सांभाळतो.
त्यालाही पाठवलं, सगळं, त्या पानासकट.
पहाटे अडीचला उत्तर आलं:
"भिया, इसमें गाना भी था क्या?"